कोऱ्या पाण्याचा वास

"आहे," मी म्हणाले, आणि हर्षलचा पेन थांबला.

तेवढ्यानेच मला कळलं. ही परीक्षा मीच त्याला शिकवलेली. हुंगणाऱ्याने काहीही सांगितलं तरी लिहिणाऱ्याचा हात थांबता कामा नये, चेहरा हलता कामा नये, हेही मीच बजावलेलं. पोरगा गुणी आहे, चेहरा नाही हलला त्याचा. पण पेन थांबला. टेबलावर काचेचे चंबू ओळीने मांडलेले, सगळे एकसारखे, प्रत्येकाच्या बुडाला चिठ्ठी, ती हुंगणाऱ्याला दिसत नाही. काहींत कारखान्याच्या टाकीतलं पाणी, कमी-जास्त पातळ केलेलं, आणि मधूनच एखाद्यात कोरं पाणी. कोरं म्हणजे कोळशातून गाळून घेतलेलं, ज्याला वासाचा मागमूसही नाही असं. ते ठेवायचं ते एवढ्यासाठीच, की हुंगणारा खरंच हुंगतोय की मनाचे मांडे खातोय ते कळावं. आणि मी, जिच्या नाकावर इथलं पाणी अडतं आणि सुटतं, ती मी, कोऱ्या पाण्याला 'आहे' म्हणाले. बरं, घाईत म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. झाकण काढलं, चंबू फिरवला, नाक लावलं, आणि वास आला. कांद्याचा. पुसट नाही, शंकेचा नाही. ओळखीचं माणूस न सांगता दारात येऊन उभं राहावं तसा आला. आताही मला कोणी शपथ घालून विचारलं तरी मी सांगेन, आला होता.

"मॅडम," हर्षल म्हणाला, "थोडं थांबू या का? नाक दमलं असेल. सकाळपासून हुंगताय." किती सांभाळून बोलला! त्याने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर चांगुणाबाई बसल्या होत्या, पदराने वारा घेत. त्यांना चिठ्ठ्यांमधलं काही कळत नाही, पण माणसांमधलं सगळं कळतं. त्या एकदम ताठ झाल्या. "काय झालं? ताईंचं चुकलं का काय?" आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. माझ्या नाकाला भिणारी माणसं मी खूप पाहिली. माझ्या नाकासाठी भ्यालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांचं भिणं खोटं नव्हतं. हा कारखाना कांदे वाळवतो. नाशिकच्या सोसायट्या जिथे संपतात आणि झेंडू-शेवंतीची रानं सुरू होतात, तिथे त्याचं फाटक. कांदे धुतलेलं, सालं भिजलेलं पाणी टाक्यांमधून फिरतं, त्यातली घाण जंतूंना खायला घालतात, आणि शेवटी ओझोनच्या खांबातून काढून नाल्यात सोडतात. नाल्याला लागून चांगुणाबाईंची विहीर. मागे एकदा, ओझोन नव्हता तेव्हा, त्या विहिरीचं पाणी त्यांनी रोजच्यासारखं फुलांच्या पाट्यांवर शिंपडलं आणि माल गणेशवाडीच्या फूलबाजारात नेला. व्यापाऱ्याने मूठभर झेंडू नाकाशी नेला आणि सगळ्या पाट्या जशाच्या तशा परत केल्या. कांद्याच्या वासाची फुलं! ज्या देवाच्या नैवेद्यात कांदा चालत नाही, चातुर्मासात ज्याच्यासाठी घरचा कांदा बाहेर ठेवतात, त्याच्या गळ्यात तसला हार घालणार कोण? "फुलाला फुलाचा वास नसला तरी चालतं, ताई," चांगुणाबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "पर दुसऱ्याचा नाय चालत." मग गाव फाटकाशी बसलं, खांब उभा राहिला आणि करार झाला: कारखान्याचं एक नाक, फुलवाल्यांचं एक आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतलं एक. तिघांपैकी एकाला जरी वास आला तरी पाणी सुटणार नाही. आता हर्षल दिवसभर ओझोनच्या शेडमध्ये, त्याचं नाक कधीच बोथट झालंय. चांगुणाबाईंच्या हाताला, लुगड्याला, केसांना झेंडूच झेंडू, हर्षल त्यांना परीक्षेआधी कोपरापर्यंत हात धुवायला लावतो तेव्हा त्या बडबडतात, "फुलवालीला म्हनतो वास नको! उद्या म्हनशील गाईला शेपूट नको." थोडक्यात, राहिलं माझं नाक. गेल्या आठवड्यात फक्त मलाच वास आला होता. त्या एका शब्दावर पाणी अडलं, टाकी भरत आली, मॅनेजरांचा पारा चढला. आज पुन्हा परीक्षा, आणि आज मी कोऱ्या पाण्याला कांदा लावून बसले. म्हणजे आता गेल्या आठवड्यातला माझा 'आहे' तरी कोण खरा मानणार? आणि खरं सांगू, मी तरी कशावरून मानू?

मी बाहेर आले. मेचं ऊन पत्र्यावर नुसतं तडतडत होतं. खांबाच्या सावलीत एक बाकडं आहे, तिथे बसले. राजूचा फोन सकाळीच येऊन गेला होता. राजू म्हणजे माझा धाकटा भाऊ, देवळ्याजवळ आमच्या गावी असतो, शेत तोच बघतो. "ज्योत्स्नाताई, कांद्याची चाळ काढली बरं का," म्हणाला, "बांबू पार भुगा झाला होता. जळणाला दिला. आता लोखंडी जाळीची उभी करतोय, खाली पंखे." मी म्हटलं, "बरं केलंस." आणि खरंच बरं केलं त्याने, पोखरलेल्या बांबूला कोण कवटाळून बसणार? मी डबा भरला, घराजवळच्या द्वारकेच्या चौकातून रिक्षा पकडली, डिझेलच्या धुरात नेहमीप्रमाणे नाकाला रुमाल लावला. परीक्षेच्या दिवशी मी चहा घेत नाही, तेल लावत नाही, गजरा नाही, पावडर नाही, आणि आदल्या दिवसापासून घरात कांदा चिरत नाही. सगळं पाळलं होतं. चाळीचा विचारसुद्धा केला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

ती चाळ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची लांबलचक खोली, जमिनीपासून हातभर उचललेली, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. उन्हाळ कांदा काढून, पात कापून, सावलीत सुकवून आत भरला की दिवाळीपर्यंत तो तिथे मुक्कामाला. आणि त्या ढिगात कुठेतरी, पोटात, एक कांदा सडायला लागतो. एक सडला की शेजारचा सडतो. आठ दिवस कळलं नाही तर पाटीभर, महिनाभर कळलं नाही तर अर्धी चाळ. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून नाना, माझे वडील, रोज सकाळी ऊन चढायच्या आत चाळीभोवती फिरायचे, पट्ट्यांच्या फटींना नाक लावत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, देवळाला प्रदक्षिणा घालतात तसे. आणि मी त्यांच्या मागे. मी केवढी असेन, पट्ट्यांच्या तिसऱ्या ओळीला माझं नाक लागायचं. वरचं त्यांनी हुंगायचं, खालचं मी. मध्येच ते थांबायचे आणि विचारायचे, "कोठे शे वं, माय?" म्हणजे कुठे आहे गं. मी फट शोधायचे, डोळे मिटायचे, आणि बोट लावायचे. "आठे शे." इथे आहे. मग ते पट्टी सरकवून हात आत घालायचे, खांद्यापर्यंत, आणि हात बाहेर यायचा तो काळ्या पाण्याने निथळणारा कांदा घेऊनच. एकदाही माझ्याकडे बघून शाबास म्हणाले नाहीत. नुसते पुढे चालायला लागायचे, आणि मला कळायचं की बरोबर होतं.

नानांना तंबाखूचं भारी व्यसन. पण चाळ भरली की त्या दिवसापासून तंबाखू बंद, ती थेट चाळ रिकामी होईपर्यंत. चंची खुंटीला. तंबाखूने नाक मरतं म्हणायचे. आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या लोकांत ही रीत होती. आई म्हणायची, "कांद्यासाठी सोडता, माझ्यासाठी काही सुटली नाही कधी." नाना हसायचे, "तू कोठे सडी राहिनी?" तू कुठे सडतेयस? आई चुलीतलं लाकूड उचलून दाखवायची. काय दिवस होते! त्या महिन्यांत नानांना जवळ घेतलं की त्यांना तंबाखूचा वास यायचा नाही, नुसता चाळीचा यायचा: सुक्या सालांचा, तागाच्या गोणीचा, धुळीचा, उन्हात तापलेल्या टोपीच्या कडेचा. पुढे मी नाशिकला शिकायला आले, पाणी तपासायची नोकरी धरली, लग्न नाही केलं ते राहून गेलं, आणि लोक माझ्यामागे म्हणायला लागले की ही बाई नाकाने कांदे सोलते. म्हणोत. मी खरंच सोलत होते, लहानपणापासून. अखेरच्या वर्षी नाना माझ्याकडे द्वारकेच्या फ्लॅटवर होते, दिसायचं बंद झालं होतं. भिंत चाचपत स्वयंपाकघरात यायचे, भाजीच्या जाळीशी वाकायचे, फ्रिजचं दार उघडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुन्हा घरमां काहीच सडत नही का वं?" त्यात तक्रार नव्हती. त्यांना काम हवं होतं. मी मुद्दाम एखादा कांदा जाळीत तळाशी ठेवून सडवला असता तर त्यांची सकाळ बरी गेली असती, हे मला तेव्हा सुचलं नाही. गेल्या चैत्रात गेले.

"मॅडम, पाणी आणू?" हर्षल येऊन उभा राहिला. पाठोपाठ चांगुणाबाईही आल्या, सावलीला टेकल्या. शेडच्या दारातून ओझोनचा वास येत होता, तिखट, स्वच्छ, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा. देवळ्याला कॉलेजात असताना पहिलं झेरॉक्सचं दुकान निघालं, तेव्हा मी उगीचच एखादा कागद घेऊन जायचे, तो वास घ्यायला. दुकानदार सावळीराम म्हणायचा, "ताई, एकच पान रोज काय काढता?" त्या वासाचं नाव मला पुढे कळलं. मोठा मानी वायू. ऑक्सिजनचाच भाऊबंद, पण त्याला बाटलीत भरून ठेवता येत नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथेच, विजेच्या ठिणग्यांमधून ऑक्सिजन नेऊन बनवायचा. आणि मग पाण्यात विरघळवायचा, तिथेच सगळी गोम आहे. तो सहजासहजी विरघळत नाही. खांबात वरून पाणी सोडायचं आणि बुडाच्या चकतीतून वायूचे बुडबुडे. बुडबुडा जितका बारीक तितकं त्याचं अंग पाण्याला जास्त लागतं, खांब जितका उंच तितका त्याला वेळ जास्त मिळतो. पाणी थंड असेल तर राहतो, तापलं की निसटून वर जातो. पण एकदा विरघळला की काय काम करतो! वासाचा, रंगाचा कण न् कण मोडून टाकतो, आणि काम झालं की घटकेत पुन्हा साधा ऑक्सिजन. मागे स्वतःचा मागमूस ठेवत नाही. नाना असे नव्हते. कोणाचेच नाना तसे नसावेत.

"हर्षल," मी म्हटलं, "शेडमध्ये एवढा वास कसला रे?"

"ओझोन फुल चालू आहे ना, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला. "उलट मॅनेजरसाहेबांना मी तेच सांगितलं. बघा म्हटलं, दारात आलं तरी कळतं चालू आहे ते."

"अरे बाबा, जो आपल्या नाकात आला तो पाण्यात गेला नाही. बुडाची चकती चोंदली असेल. बुडबुडे मोठे पडत असतील, भसाभस वर येऊन फुटत असतील. त्यात पाणी हे असलं तापलेलं."

त्यालाही हे ठाऊक होतं, पुस्तकात आहे. पण रोजच्या रोज वास येतोय, मशीन गुरगुरतंय, म्हणजे सगळं ठीक, असं मन माणूस करून घेतो. "चकती बघायची म्हणजे अख्खा खांब रिकामा करावा लागेल, मॅडम. दोन दिवस काम बंद. साहेब विचारतील, कशावरून? मी काय सांगू?" मग त्याने खाली बघितलं. "तुमच्या नाकावरून, असं मी गेल्या आठवड्यात सांगितलं असतं. पण आज... तुम्हाला कोऱ्या पाण्यातही वास येतोय."

झालं. एकदाचं बोलला. चांगुणाबाईंनी हनुवटीला हात लावला. "म्हंजी आता पानी सोडनार?"

"दुपारी पुन्हा हुंगून बघू या ना, मावशी," हर्षल म्हणाला. "त्यातही असंच झालं तर साहेब म्हणणार, गेल्या वेळचंही असंच असेल. मग सोडणार."

"आन् आमी कोनाच्या नाकानं जगायचं मग?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं.

आणि तेव्हा मला टोपी आठवली! अगं बाई, टोपी! माझ्या पर्समध्ये नानांची टोपी असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. ते गेल्यावर राजूने बाकीचे कपडे वाटून टाकले, मी तेवढी उचलली. बसमध्ये, कामावर, कधी फारच एकटं वाटलं की पिशवीत नाक घालते, बस्स. आज सकाळी राजूचा फोन झाल्यावरही घातलं होतं. कांदा चिरला नव्हता, पण टोपी हाताळली होती. तिचा वास बोटांना लागला, बोटांचा चंबूच्या गळ्याला लागला, इतकं सरळ! मी हसायलाच लागले. म्हटलं, माझं नाक खोटं नाही बोललं, ते जरा जास्तच खरं बोललं. पळतच आत गेले, पर्स घेऊन आले, गाठ सोडली. "घ्या, चांगुणाबाई, हुंगा. तूही घे रे. सांगा आता कांदा आहे की नाही."

हर्षलने भीतभीत नाक लावलं आणि टोपी पुढे केली. चांगुणाबाईंनी ती दोन्ही हातांत घेतली, उलटी केली, आतल्या पट्टीत नाक खुपसलं. पुष्कळ वेळ. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, ते मी बघत होते. त्यांना त्यात कांदा हवाच होता, माझ्यापेक्षा जास्त. मग त्यांनी टोपी खाली घेतली. "काय नाय ओ, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "कांदा नाय, मानूस नाय. निसतं कापड हाय."

"असं कसं? द्या इकडे." मी नाक लावलं. डोळे मिटले. आणि अर्थातच नाना आले, ताग, धूळ, उन्हातली पट्टी, सगळे. पण आता मला कळत होतं की मी आधी डोळे मिटले आणि मग नाना आले. मी डोळे उघडे ठेवून, समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बघत, परीक्षेत हुंगते तसं कोरडेपणाने पुन्हा हुंगलं. कापड. जुनं, स्वच्छ, कुठल्याही म्हाताऱ्याचं असेल असं कापड. किती महिन्यांपूर्वी वास उडाला असेल कोण जाणे, आणि मी रोज गाठ सोडून त्यात माझंच काहीतरी भरत होते. मला रडू आलं. अगदी सगळ्यांदेखत, पदर नाही म्हणून ओढणी तोंडाला लावून, फाटकावरचा रखवालदार बघत असताना. नाना गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते. तेव्हा माझ्याकडे टोपी होती ना.

चांगुणाबाईंनी मला उगी म्हटलं नाही. माझ्या हातातून टोपी घेतली, तिची नीट घडी घातली. "वडलांची का?"

"हो."

"काय करायचे?"

"कांदे. चाळीत सडका शोधायचे. वासाने."

"आन् चांगला कांदा?" त्यांनी विचारलं, "त्यो पन वासानंच का?"

काय प्रश्न होता! नुसता आपला बोलायचा म्हणून विचारलेला. पण मी ओढणी बाजूला केली. कारण हा प्रश्न मीही विचारला होता, चाळीच्या तिसऱ्या पट्टीशी उभी राहून: नाना, चांगल्याचा वास का नाही येत? आणि नाना म्हणाले होते, "चांगला कांदा बोलत नही, माय. सडेल कांदा हाका मारस." चांगला आपल्या सालीत गप्प बसून असतो, जो बिघडला तोच हाक मारतो, आणि आपण ऐकायची ती तेवढी हाक. मी सकाळचा चंबू आठवायला लागले. काय आलं होतं त्यात? नीट आठव, ज्योत्स्ना, लाड नकोत. सुकी सालं होती. ताग होता. तापलेली धूळ होती. सडलेलं काही नव्हतं, त्या वासात एकही सडका कांदा नव्हता, अख्खी चाळ भरलेली आणि खणखणीत, दिवाळीपर्यंत टिकेल अशी! अहो, असा वास पाण्याला येतच नाही. सालं भिजली की पाण्यात ती सडतात, सुकत नाहीत. आणि गेल्या आठवड्यातला? तो पुसट होता, पण काळ्या पाण्याचा होता, नानांच्या कोपरावरून निथळायचा तो. तो ऐकून मला आनंद झाला नव्हता, मी मान मागे घेतली होती. म्हणजे एक हाक होती आणि एक नव्हती. एक पाण्यात होतं आणि एक माझ्यात. दोन्ही एकाच नाकाने आले म्हणून मी दोघांना एकच समजले.

"चल रे, हर्षल," मी उठले. "मांड चंबू."

"मॅडम, जरा बसा अजून..."

"मांड म्हणते ना! आणि चिठ्ठ्या मला दाखवू नकोस, मावशींनाही नको. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

"माज्या चेहऱ्यानं काय केलंय आता!" चांगुणाबाई म्हणाल्या, पण हसल्या. टोपी माझ्याकडे द्यायला पुढे केली आणि मग स्वतःच मागे घेतली. "माज्यापाशी ऱ्हाऊ द्या तवर." मी साध्या पाण्याने हात धुतले, वाऱ्यावर वाळवले. आत हर्षलने चंबू कोमट केले, जागा बदलल्या, मग पाठ ताठ करून पेन घेऊन बसला. या वेळी त्याने मनाशी ठरवलं असावं की आभाळ कोसळलं तरी पेन थांबू द्यायचा नाही. मी डोळे उघडे ठेवले. समोर भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर होतं, त्यावर पांढऱ्या कांद्याचं चित्र. त्याच्याकडे बघत पहिला चंबू उचलला. काही नाही. "नाही." दुसरा. काही नाही. माझ्याच श्वासाचा कोमटपणा. "नाही." पेन चालत होता. तिसऱ्याचं झाकण काढलं आणि नाक पोचायच्या आधी माझी मान मागे गेली. पुसट. इतकं पुसट, की चारचौघांत कोणी हसलं असतं. पण हाक होती. माझं बोट आपोआप चंबूच्या काचेला लागलं.

"आठे शे," मी म्हणाले.

"काय?" हर्षल म्हणाला.

"आहे, म्हणते. सडका. लिही." पुढच्यात तोच, त्याहून पातळ, चिमूटभर. "आहे." त्याच्या पुढच्यात नव्हता. "नाही." हर्षलचा पेन थांबला नाही, पण लिहिता लिहिता त्याचा कान लाल होत गेला, आणि शेवटी न राहवून त्याने ते दोन चंबू उचलून बुडाच्या चिठ्ठ्या पाहिल्या. परीक्षा संपायच्या आधी बघायचं नसतं. मी ओरडणार होते, पण तो उठून उभाच राहिला. खांबावरच्या माणसाला फोन लावला. "रुद्र, खांब रिकामा करायला घ्या," तो म्हणाला, "हो, आत्ता. चकती काढायची आहे. साहेबांशी मी बोलतो. नाही, पाणी नाही सोडायचं. टाकीच्या पाण्याला वास आहे." चांगुणाबाईंनी टोपी छातीशी धरली आणि मोठ्याने श्वास सोडला.

"ताई," त्या मग म्हणाल्या, "पर ह्यो एक ऱ्हायला की."

टेबलाच्या कडेला शेवटचा चंबू होता. हर्षल म्हणाला, "हो मॅडम, तो पण घ्या. नाहीतर साहेब म्हणतील, अर्धीच परीक्षा." खुर्चीवर बसला, पेन धरला. मी चंबू उचलला. काच हाताला कोमट लागली. कॅलेंडरवरच्या कांद्याकडे बघत मी झाकण काढलं, एकदा फिरवला, नाक लावलं.

नाना आले. डोळे मिटले नव्हते तरी आले. सगळीच्या सगळी चाळ घेऊन आले, जळणाला गेलेल्या बांबूसकट, पाचटाच्या छपरासकट, खुंटीवरच्या चंचीसकट. सालं सळसळली. तापलेल्या टोपीची कड माझ्या कपाळाला लागली. ते इतके जवळ होते की मी हात पुढे केला असता तर सदरा हाताला लागला असता. आणि त्यांनी विचारलं, "कोठे शे वं, माय?" मला सांगायचं होतं. देवाशपथ, मला त्यांना एकदा तरी सांगायचं होतं की आठे शे, नाना, आठेच शे, कुठे जाऊ नका. मी कॅलेंडरवरून नजर खाली आणली. समोर हर्षलचा पेन कागदावर टेकलेला. पलीकडे चांगुणाबाई टोपी धरून बसलेल्या, त्यांची विहीर, त्यांचा झेंडू, सगळं माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी 'आहे' म्हटलं असतं तर नाना आणखी थोडा वेळ थांबले असते, पण माझं नाक पुन्हा खोटं ठरलं असतं आणि पाणी सुटलं असतं.

"मॅडम?" हर्षल म्हणाला. "वास?"

"नाही," मी म्हणाले. "वास नाही."

पेन चालला. नाना शाबास म्हणाले नाहीत, पुढे चालायला लागले. आणि हर्षलने चंबू उलटून चिठ्ठी बघण्याआधी मी त्याचं झाकण घट्ट लावून टाकलं.